शिळे, उष्टे, खरकटे : सदाशिव पेठेतील अन्नव्यवहाराची परिभाषा आणि अन्नाच्या अपव्ययाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

घरगुती अन्नाचा अपव्यय हा विषय सामान्यतः गृहविज्ञान, अर्थशास्त्र आणि नगरव्यवस्था यांच्या कक्षेतील मानला जातो. परंतु कोणत्या अन्नास ‘वाया गेलेले’ म्हणावयाचे, हा त्यातील पहिला प्रश्न शब्दार्थाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के अन्न घरांतून वाया गेले. भारतीय घरांपुरता हा अंदाज दरमाणशी दरवर्षी ५५ किलोग्रॅम इतका आहे. या आकड्यांत खाण्याजोग्या अन्नाबरोबरच साली, बिया, हाडे यांसारखा अखाद्य भागही धरलेला असतो. म्हणजे केळ्याची साल आणि ताटात टाकलेली पोळी या दोन वस्तू तेथे एकाच संज्ञेखाली येतात. मराठी घरातील भाषेत मात्र या दोन वस्तू एका शब्दात कधीच मावल्या नाहीत. उरलेल्या अन्नाच्या निरनिराळ्या अवस्थांसाठी त्या भाषेने निरनिराळे शब्द राखले, आणि त्या अन्नाचे पुढे काय व्हावयाचे हे बहुतेक वेळा त्या शब्दांनीच ठरविले.

या शब्दांचा विचार पुण्याच्या सदाशिव पेठेच्या संदर्भात करणे विशेष सोयीचे आहे. सदाशिवरावभाऊंच्या नावाने ओळखली जाणारी ही पेठ वाड्यांची, शिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांची व त्यांच्या भोजनाच्या निरनिराळ्या व्यवस्थांची पेठ म्हणून प्रसिद्ध आहे. सोवळ्याओवळ्याचे नियम कसोशीने पाळणारी घरे आणि दुसऱ्याच्या घरच्या अन्नावर शिकणारी मुले या दोहोंचा सहवास तेथे दीर्घकाळ होता. त्यामुळे अन्नविषयक परिभाषा तेथे केवळ कोशात राहिली नाही. ती दररोजच्या व्यवहाराला लावली गेली.

२. चार शब्द, चार निकष

उरलेले, शिळे, उष्टे आणि खरकटे हे चार शब्द वरवर पाहता एकाच अर्थक्षेत्रातील दिसतात व बोलण्यात ते जोडीनेही येतात : ‘उरलेसुरले’, ‘शिळेपाके’, ‘उष्टेखरकटे’. तथापि या प्रत्येकाचा निकष वेगळा आहे.

‘उरलेले’ हा शब्द परिमाणावर आधारलेला आहे. गरजेहून जे अधिक झाले ते उरले. ‘उर्वरित’ हा तत्सम शब्द त्याच्याच कुळातला असून तो आजही हिशेबाच्या भाषेत निर्दोष अर्थाने वापरला जातो. ‘शिळे’ हा शब्द कालावर आधारलेला आहे. संस्कृत ‘शीतल’ या शब्दापासून तो आला असून थंड झालेले ते शिळे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. श्रावणातील शीतला सप्तमीस आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खाण्याची जी चाल आहे, तीत हा मूळ अर्थ अद्याप जिवंत आहे. ‘उष्टे’ हा शब्द व्यक्तीवर आधारलेला आहे. संस्कृत ‘उच्छिष्ट’ या शब्दाचे हे मराठी रूप असून, कोणाचे तरी तोंड किंवा हात लागलेले अन्न असा त्याचा अर्थ आहे. म्हणून ‘कोणाचे उष्टे?’ हा प्रश्न मराठीत अर्थपूर्ण ठरतो, ‘कोणाचे शिळे?’ असे कोणी विचारीत नाही. ‘खरकटे’ हा शब्द संसर्गावर आधारलेला आहे. जेवणानंतर भांड्यास, हातास वा जमिनीस चिकटून राहिलेल्या शिजलेल्या अन्नाचा तो वाचक आहे. खरकटा हात, खरकटे भांडे, खरकटी जागा असे प्रयोग होतात, कारण येथे अन्नापेक्षा अन्नाच्या लागण्यास महत्त्व आहे.

या चार अवस्थांत एक क्रम आहे व तो एकाच दिशेने जाणारा आहे. उरलेले अन्न पुन्हा पानात वाढता येते. शिळे अन्न जसेच्या तसे पाहुण्यापुढे ठेवता येत नाही, परंतु त्याचे रूपांतर करता येते. उष्टे अन्न फक्त विशिष्ट नात्यांच्या वर्तुळातच स्वीकारले जाते : आई मुलाचे उष्टे खाते, शिष्य गुरूचे उच्छिष्ट प्रसाद म्हणून घेतो, आणि बाळाच्या पहिल्या घासाच्या मंगल विधीसच ‘उष्टावण’ असे नाव आहे. त्या वर्तुळाबाहेर तोच शब्द हीनतेचा वाचक होतो. ‘लोकांची उष्टी काढणे’ हा वाक्प्रचार त्याची साक्ष देतो. खरकटे मात्र माणसाकडे परत येत नाही. ते गुराकडे तरी जाते किंवा उकिरड्याकडे. अन्न वाया जाणे म्हणजे या पायऱ्या उतरत जाणे होय, असे म्हणावयास हरकत नाही.

३. नामांतराने होणारे रक्षण

दुसऱ्या पायरीवर अन्न थोपवून धरण्याचे मराठी स्वयंपाकघराचे मुख्य साधन म्हणजे फोडणी. आणि फोडणीबरोबर होते ते नामांतर. आदल्या दिवशीची पोळी कुस्करून फोडणीस टाकली की ती ‘फोडणीची पोळी’ होते. भाताचा ‘फोडणीचा भात’ होतो. पोळीच्या चुऱ्यात गूळ व तूप मिसळले की लाडू वळला जातो. या नावांत ‘शिळा’ हे विशेषण गळून पडते आणि त्याच्या जागी संस्काराचा निर्देश करणारे षष्ठीचे रूप येते. काही घरांत या कुस्करलेल्या पोळीस किंवा भाकरीस ‘माणिकपैंजण’ असे नाव आहे. घरातील सर्वांत साध्या पदार्थास दागिन्याचे नाव देणे, यात विनोद आहे तसाच उपायही आहे. पदार्थाचे नाव गौरवाचे झाले की तो खाणाऱ्यास कमीपणा वाटत नाही. उलट, नामांतर न करता केलेली पुनरुक्ती भाषेस मान्य नाही. ‘शिळ्या कढीला ऊत’ हा वाक्प्रचार निंदेचाच आहे. ‘कोंड्याचा मांडा करणे’ या वाक्प्रचारात मात्र सामान्य वस्तूचे कौशल्याने उत्तम वस्तूत रूपांतर करणाऱ्या गृहिणीची प्रशंसा आहे.

या भाषिक युक्तीस शीतकपाटाने एक चमत्कारिक वळण दिले. पूर्वी जे थंड झाले ते शिळे. आता जे थंड ठेवले ते शिळे होऊ नये म्हणून ठेवले जाते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा संपूर्ण विपर्यास आहे. ‘फ्रीजमधली भाजी’ हा नवा शब्दप्रयोग ती भाजी शिळी आहे की नाही, याविषयी काहीच सांगत नाही. कालाचा निकष संदिग्ध झाल्यामुळे निर्णय लांबणीवर पडतो. शिळ्या अन्नाचे रूपांतर त्याच दिवशी करावे लागत असे, फ्रीजमधील अन्न मात्र विस्मरणात जाते व पुष्कळदा एकदम शेवटच्या पायरीवर पोहोचते.

४. वाढाव्याचे कर्तव्य आणि माधुकरी

जुन्या वाड्यांतील घरे मोजून रांधत व म्हणून त्यांचे काही वाया जात नसे, अशी एक समजूत आहे. भाषेचा पुरावा तिच्या विरुद्ध आहे. घरातील तांदूळ वा मीठ संपले असता ‘संपले’ असे न म्हणता ‘वाढले’ म्हणण्याची रूढी होती. पातेले पूर्ण रिकामे न करता चार शिते तरी तळाशी ठेवावीत, असा संकेत होता. पानावर वाढताना आग्रह करणे हे आतिथ्याचे लक्षण मानले जाई. ‘वाढणे’ या क्रियापदाचे ‘पानावर घालणे’ आणि ‘वृद्धी होणे’ हे दोन्ही अर्थ या व्यवहारात एकमेकांना बळकटी देत. ‘खाऊन माजावे, टाकून माजू नये’ ही म्हणसुद्धा टाकण्याचा निषेध करते, विपुलतेचा नव्हे. तेव्हा थोडे अधिक रांधणे ही चूक नसून ते कर्तव्य होते; आणि वाढावा हे कर्तव्य असल्यामुळे त्या वाढाव्यास खाणारा नेमून ठेवणेही आवश्यक होते.

असा नेमलेला खाणारा म्हणजे माधुकरी मागणारा विद्यार्थी. ‘मधुकर’ म्हणजे भुंगा. तो अनेक फुलांतून थोडाथोडा मध घेतो व कोणत्याही एका फुलास रिक्त करीत नाही. याच रूपकावरून पाचसात घरांतून थोडेथोडे शिजलेले अन्न गोळा करण्याच्या वृत्तीस ‘माधुकरी’ हे नाव पडले. ‘वार लावून जेवणे’ ही तिची बहीण : आठवड्यातील एकेका वारी एकेका घरी जेवावयाचे. सदाशिव पेठेत या दोन्ही चाली रूढ होत्या. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहानेही (आजचे पुणे विद्यार्थी गृह) आरंभीच्या काळात विद्यार्थ्यांच्या भोजनासाठी माधुकरीचा आधार घेतला होता.

अपव्ययाच्या दृष्टीने या व्यवस्थेचे मर्म असे की माधुकरी हे उरलेले अन्न नव्हते. घरच्या मंडळींनी जेवावयास बसण्यापूर्वी ते काढून ठेवले जाई; म्हणून ते उष्टे नव्हते, शिळे नव्हते आणि खरकटेही नव्हते. रांधणारीस घेणारा ठाऊक असे, वेळ ठाऊक असे, आणि त्याचा वाटा स्वयंपाकाच्या अंदाजात आधीच धरलेला असे. अपव्यय टळला तो दानाच्या भावनेइतकाच या पूर्वनियोजनामुळे.

५. त्या व्यवस्थेची किंमत

परंतु या व्यवस्थेचे वर्णन येथेच थांबविणे हे सत्याचा अर्धा भाग सांगण्यासारखे होईल. माधुकरीची झोळी मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्याच्या खांद्यावर होती. भिक्षेच्या याचनावाक्यात ‘भवति’ हे संबोधन ब्राह्मण बटूने आरंभी, क्षत्रियाने मध्ये व वैश्याने शेवटी योजावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. म्हणजे वाक्यातील पदक्रमसुद्धा वर्णाचा निदर्शक होता. ज्यांना हे वाक्य उच्चारण्याचा अधिकारच नव्हता त्यांच्या वाट्यास चारही अवस्थांतील खालच्या पायऱ्यांचे अन्न आले. गावगाड्यात महारांना बलुत्यापोटी घरोघर फिरून भाकरी मागावी लागे आणि मिळणारे तुकडे बहुधा शिळे असत. दया पवार यांच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे ‘बलुतं’ हे शीर्षक याच व्यवस्थेकडे बोट दाखविते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृतमांस आणि असे मागून आणलेले शिळे तुकडे या दोहोंचा त्याग करण्याचे आवाहन केले. उच्चवर्णीय घराच्या दृष्टीने जे अन्न ‘वाया गेले नाही’, ते घेणाऱ्याच्या माणुसकीची किंमत घेऊन वाचले होते, हा त्या आवाहनाचा आशय आहे.

घराच्या आतही असाच एक नेमलेला खाणारा होता. सर्वांच्या शेवटी जेवणारी स्त्री उरलेसुरले व शिळे खाऊन पातेली निकालात काढी. पतीच्या उष्ट्या पानावर जेवणे हा तर आचारच होता. घरातील काटकसरीचे श्रेय तिला मिळाले, पण त्या काटकसरीचा भार तिच्याच आहारावर पडला. विसाव्या शतकाच्या ओघात हे सर्व खाणारे एकामागून एक निघून गेले. विद्यार्थी वसतिगृहांत व खाणावळींत जेवू लागले, दलितांनी तुकडे नाकारले, स्त्रिया कुटुंबाबरोबर पानावर बसू लागल्या. हे जाणे न्याय्य व इष्ट होते. राहिली ती अधिक रांधण्याची सवय. खाणारा गेल्यानंतर त्या वाढाव्याची वाट थेट कचऱ्याच्या डब्याकडे वळली.

६. ‘ओला कचरा’

या डब्यावरील शब्द नवा आहे. नागरी घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन वर्ग सांगितले आणि ‘ओला कचरा’ हा शब्द घरोघर गेला. जुन्या घरातही ‘केर’ आणि ‘खरकटे’ हा कोरड्या-ओल्याचा भेद होताच. नव्या संज्ञेत फरक पडला तो असा की दोडक्याच्या शिरा, चहाचा चोथा, पानातील खरकटे आणि हात न लागलेल्या चार पोळ्या या सर्वांना आता एकच नाव मिळाले. ज्या चार शब्दांनी अन्न कोणत्या पायरीवर आहे हे सांगितले असते, ते येथे अनावश्यक झाले. नगरपालिकेच्या व्यवहारास ही संज्ञा सोयीची आहे; घराच्या व्यवहारास ती पुरेशी नाही.

या संज्ञेमागे श्रम कोणाचे आहेत, हेही पाहणे आवश्यक आहे. पुण्यातील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. या कामात बहुसंख्येने स्त्रिया असून त्यांतील अनेक जणी दलित समाजातील आहेत. ओले-सुके एकत्र टाकलेल्या डब्यातून हातांनी निवड करणे म्हणजे ‘उष्टी काढणे’ या जुन्या वाक्प्रचाराचाच नवा अवतार होय. वर्गीकरणाचा आग्रह हा म्हणूनच प्रथम त्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. दुसरीकडे, शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात साठविला गेला आणि तेथील ग्रामस्थांना त्याविरुद्ध वारंवार आंदोलने करावी लागली. पेठेतील पातेल्यात उरलेला भात अखेर कोणाच्या तरी दारात जातोच.

गृहसंकुलांतील खतनिर्मिती आणि तिच्यासाठी महानगरपालिकेने मिळकतकरात दिलेली सवलत यांनी शिवारावरील हा भार काही अंशी हलका होतो. तथापि खत हे खरकट्याचे योग्य स्थान आहे, उरलेल्या अन्नाचे नव्हे. ताजी पोळी खतात घालणे हा कचऱ्याच्या हिशेबात लाभ असला तरी अन्नाच्या हिशेबात तोटाच आहे.

७. नव्या प्रयत्नांतील जुना नियम

अलीकडच्या सामुदायिक प्रयत्नांकडे या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. जे प्रयत्न घेणाऱ्यास मानवले, त्यांनी उष्ट्याची सीमा काटेकोरपणे पाळली आहे. मुंबईत २०१० नंतरच्या दशकात डबेवाल्यांच्या साहाय्याने झालेल्या एका उपक्रमात, डब्यातील अन्न हात न लागता उरले असेल तर डब्यावर एक लहान तांबडी खूण चिकटवावयाची, अशी योजना होती. ती खूण म्हणजे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक शब्दच होय. ‘हे उरलेले आहे, उष्टे नव्हे’ असे ती सांगते. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या रोटी बँकेने याहून पुढे जाऊन, सभासदाने घरच्या ताज्या स्वयंपाकातील किमान दोन पोळ्या व भाजी द्यावी आणि शिळे अन्न आणू नये, असा नियम केला. वाटा आधी काढावयाचा, हे माधुकरीचेच तत्त्व होय. फरक इतकाच की येथे देणाऱ्याघेणाऱ्याची जात विचारली जात नाही व घेणाऱ्यास दारोदार याचना करावी लागत नाही.

या तत्त्वाचे सर्वांत निर्मळ रूप मात्र त्याहून जुने आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांसाठी ‘मुष्टिफंड’ उभारला : घरातील स्त्रीने रोजच्या दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य वेगळे काढून ठेवावयाचे. न शिजविलेले धान्य शिळे होत नाही, उष्टे होत नाही, खरकटेही होत नाही. म्हणूनच शिजलेल्या भाकरीस जी जातीची कुंपणे आडवी येत, ती या मुठीस आली नाहीत, आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसणाऱ्या वसतिगृहांत ती मूठ शिजली. त्यातच मोजण्याची सवयही आपोआप लागे; जी मूठ पातेल्यात पडली नाही, तिच्या उरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

८. उपसंहार

सदाशिव पेठेत आज स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात आणि मेसच्या ताटावर किंवा पोहोचविल्या जाणाऱ्या डब्यावर जेवतात. शंभर वर्षांपूर्वीचा माधुकरी मागणारा मुलगा आणि आजचा डबा लावणारा मुलगा यांच्या परिस्थितीत महदंतर आहे. परंतु ‘आज येणार नाही’ हा निरोप वेळेवर न पोहोचल्यास त्याच्या वाट्याचे अन्न वाया जाते, ही गोष्ट दोघांच्या बाबतीत सारखीच खरी आहे. अशा पेठेत अपव्यय टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे रांधण्यापूर्वी खाणाऱ्यांची संख्या कळणे, आणि दुसरा म्हणजे जे उरले ते उरलेले आहे तोवरच, पान लागण्याआधी, वेगळे काढणे. त्यापुढील पायऱ्यांवर रूपांतर व खत हे उपाय आहेत. माणसाचे मुख हा उपाय तेथे राहत नाही.

२०३० पर्यंत किरकोळ विक्री व घरे या पातळ्यांवरील दरमाणशी अन्नाचा अपव्यय निम्म्यावर आणावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत नमूद आहे. हे ध्येय मराठीत सांगताना ‘उरलेले अन्न गरजूंना द्या’ असे वाक्य सहज वापरले जाते. त्या वाक्यातील ‘उरलेले’ या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात कोणत्या पायरीवरचा आहे, यावर ते वाक्य आतिथ्याचे ठरते की अपमानाचे, हे अवलंबून राहील. ज्या समाजाने अन्नाच्या चार अवस्थांसाठी चार शब्द राखले आणि त्या शब्दांनी माणसांचीही प्रतवारी लावली, त्याने हा भेद पुन्हा नीट शिकणे आवश्यक आहे. मात्र या वेळी तो अन्नापुरताच राहिला पाहिजे.